दसऱ्यानंतरचं सिल्वासा आणि हेमूचा पंख

फोनवर बोलून बोलून डोकं खाणारा माझा धाकटा भाऊ दसऱ्याच्या दिवशी "हो, सोनं घे, बरंय" एवढंच म्हणून फोन ठेवतो, म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय. हेमू सिल्वाशाजवळ सायलीला एका कारखान्यात कामाला आहे. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी पारोळ्याला गेलेली, पोरगा खोलीवर एकटा. नवरा म्हणाला, "तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस." लावून घेतेच मी, स्वभावच मेला तसा. शनिवारी सकाळी गाडी काढली आणि घरात सांगितलं की सिल्वासा बघायला चाललेय.

नाशिकहून जाणार असाल तर पेठ, कपराडा, नानापोंढा हा रस्ता धरा. पेट्रोल नाशकातच भरून घ्या. घाटात वळणावर ट्रक अगदी अंगावर येतात आणि मधे मधे रस्ता असा उखडलाय की मणके मोजून घ्यावेत. पण दोन्हीकडे डोंगर अजून हिरवेगार होते. पेठला थांबून मिसळ खाल्ली, झणझणीत होती, चहा मात्र नुसता साखरेचा पाक. मुक्कामाचं म्हणाल तर शनिवार-रविवार खोली आधीच सांगून ठेवा. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही, त्यामुळे सुट्टीला तिकडून गाड्या भरभरून लोक येतात आणि हॉटेलवाले भाव चढवतात. मी आपली हेमूच्या खोलीवर उतरले.

सायलीत बघण्यासारखं काही नाही. कारखान्यांची फाटकं, भिंती आणि कामगारांच्या खोल्यांच्या रांगा. पण एक खानदेशी खानावळ आहे तिथे, धुळ्या-जळगावची पोरं जेवतात. शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तीही पोटभर आणि स्वस्तात. घरापासून इतक्या लांब ती चव मिळाली म्हणून मी खूश, आणि हेमू समोर नुसती भाकरी कुस्करत बसलेला. शेवभाजी पुढ्यात असून हा जेवत नाही म्हटल्यावर प्रकरण साधं नाही, हे मी ओळखलं.

दुपारी त्याला गाडीत घातलं आणि दुधनीला नेलं. खानवेलपर्यंतचा रस्ता फार सुरेख आहे, सागाची झाडं, सुरंगी गावाच्या बाजूला भात कापणीला आलेला. दुधनीला मधुबन धरणाचं पाणी लांबवर पसरलंय, छत असलेल्या होड्या मिळतात. भाव ठरवूनच बसा. आम्ही बसलो, फिरलो. उतरल्यावर काठावर बसलो तेव्हा मी सरळ विचारलं, "कोणाशी भांडलास का? नोकरी गेली का?"

"अजून नाही गेली," तो म्हणाला. "पण मी काय करून बसलोय, तुला कसं सांगू व ताई."

आधी हा काय बनवतो ते सांगते. कारखान्याचं नाव विचारू नका, फोटोही काढलेले नाहीत. तिथे लढाऊ ड्रोनचे पंख तयार होतात. लग्नात फोटो काढायला उडवतात ते खेळणं नव्हे. हे चांगलं विमानाएवढं, लांबच लांब, अरुंद पंखांचं. म्हणूनच एकदा वर गेलं की दिवस, रात्र आणि वर पुन्हा दिवस, उतरायचं नाव नाही. इतकं उंच की खालच्याला आवाज जात नाही, आणि त्याला मात्र अंधारातही खालची मोटरसायकल दिसते. पंखांखाली क्षेपणास्त्रं टांगतात. चालवणारा कुठल्या कुठे लांब, पडद्यासमोर खुर्चीत. पंखाला खिळे-बिळे नाहीत. कार्बनच्या कापडाची वरची आणि खालची अशी दोन काळी कवचं, मधे कणा, आणि सगळं एका खास गोंदानं जोडलेलं. हेमू त्या जोडायच्या खोलीत काम करतो.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनी धुऊन पुसून पूजा झाली. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. साहेबांनी बजावलं होतं की जोडायच्या खोलीत तेल-कुंकू न्यायचं नाही.

"पण ताई, सगळ्या मशिनींना कुंकू लागलं. कंप्रेसरला लागलं. आणि ज्याच्यासाठी एवढं सगळं चाललंय, त्यालाच नाही? आमच्या हातचा पहिला पंख. मनाला पटेना ना. सगळे प्रसादाला गेले तेव्हा आत गेलो आणि छोटंसं स्वस्तिक काढलं. आतून, कडेला, कोणाला दिसू नये म्हणून. मग फडक्यानं पुसून टाकलं."

"मग बिघडलं कुठे?"

"कुंकू तेलात कालवलेलं होतं. नेमका त्याच कडेला गोंद लागतो, आणि तेलावर गोंद धरत नाही. रात्री खोलीवर ते डोक्यात आलं, पण सांगायची हिंमत झाली नाही. दसऱ्यानंतर पंख जोडला. मशिनीनं तपासला, पास झाला. पण दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्यात एवढंच मशिनीला कळतं. धरल्यात की नुसत्या टेकल्यात, ते नाही कळत. सोमवारी गाडीत भरतील." मग खाली मान घालून म्हणाला, "शिफ्टमधली पोरं म्हणतात, त्यात माणूस बसत नाही, पडलं तर पडलं. त्यांना माझं माहीत नाही, असंच बोलतात आपलं."

"अरे, पण खाली माणसं असतात ना!"

"तेच तर. झोपच नाही येत."

महिन्याभरात बाप होणार हा, कंत्राटी नोकरी. खरं सांगू का, पहिल्यांदा मनात आलं ते हेच की गप्प राहा. ओठांवर आलं होतं. त्याचं तोंड बघून गिळलं.

रविवारी सिल्वाशात त्याच्या साहेबांच्या घरी गेलो. साहेब कोकणातले, लुंगीवर पेपर वाचत बसलेले. त्यांच्या बाईंनी चहा ठेवला. हेमू बसलाच नाही.

"साहेब, नवमीला मी स्वस्तिक काढलं होतं."

"बरं केलंस. कुठल्या मशीनवर?"

"मशीनवर नाही. पंखावर. आतून."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. "पुसलंस ना?"

"पुसलं. फडक्यानं."

"कशात कालवलेलं?"

"तेलात."

चहा आला, कोणी घेतला नाही. मग साहेब म्हणाले, "गाढवा, देवाला बाहेर जागा दिली होती ना मी." आणि आतल्या खोलीत जाऊन फोन करू लागले. मला वाटलं, संपलं. परतताना पेठला थांबायचंही सुचलं नाही.

सोमवारी संध्याकाळी हेमूचा फोन आला. तपासायला पंख कापला. सगळीकडे जोड घट्ट निघाला. त्या एका कडेला मात्र साहेबांनी नख घातलं आणि जोड उघडला. हेमूला जोडायच्या खोलीतून काढलं, पण कामावरून नाही, पॅकिंगला टाकलंय. मी देवापुढे साखर ठेवली आणि पोटभर रडले.

पुढच्या महिन्यात त्याला मुलगी झाली. परवा फोनवर पुन्हा पहिल्यासारखा बडबडत होता. नवा पंख झाला, त्यानंच गुंडाळून गाडीत चढवला.

"एकदम पक्का झालाय ताई. आता काही नाही पडायचा. दिवस-रात्र उडेल, सगळा भार घेऊन."

त्याच्या मागे लेक रडत होती. मी म्हटलं, "छान झालं." फोन ठेवला, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले आणि वर बघत उभीच राहिले. आकाश अगदी मोकळं होतं, कसलाही आवाज नव्हता. तो पक्का पंख कुठल्या तरी गच्चीच्या वरून उडत जाईल, आणि तिथे कपडे काढणाऱ्या बाईलाही असाच काही आवाज येणार नाही.