बापाच्या तीन रेघा

"उचल ते. टेबलावर नको."

रामदासपेठेतल्या त्या वकिलाने लाकडी पट्टीने आमची गोधडी पुढे ढकलली. बोट लावलं नाही. नंतर पट्टी रुमालाने पुसली. शेजारी बसलेला एक पक्षकार खिडकीबाहेर बघू लागला. मी चोवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. तरी हा माणूस पहिल्या दिवसापासून मला एकेरीत बोलत होता.

आणि पुरावा आण, असं त्यानेच सांगितलं होतं.

माझा बाप विणकर. नऊवारी सुती लुगडी विणतो. पदराच्या कोपऱ्यात तीन पिवळ्या रेघा, मधल्या रेघेवर लाल ठिपका, ही त्याची निशाणी. माझ्या जन्माच्या आधीपासूनची. भिवापूरच्या बाजारात बाया लुगडं उलगडून आधी तो कोपरा बघायच्या. सगळा माल एक सेठ न्यायचा. कागद कधी दिला नाही. पुढे त्याने त्याच रेघा पॉवरलूमवर काढल्या आणि मुंबईच्या कचेरीत आपल्या नावावर नोंदवून टाकल्या. बाप स्वतः बाजारात बसू लागला तेव्हा आम्हाला हे कळलं. सेठचा माणूस आला नि म्हणाला, "ए बुढ्या, ह्या रेघा बंद कर. मालकाच्या आहेत."

मी पेटले. मीही अर्ज केला. मुंबईहून उत्तर आलं: अशीच निशाणी आधीच नोंदलेली आहे. तुमचा वापर त्याहून जुना असेल तर सिद्ध करा.

कशाने करू? बिल नाही, जाहिरात नाही, दुकानाची पाटी नाही. आमच्याकडे लुगडं विरलं की त्याची गोधडी होते. आजीने आपल्या लुगड्यांची गोधडी शिवली, तेव्हा चारही कोपऱ्यांना मुद्दाम लेकाच्या रेघा लावल्या. आजीला जाऊन वीस वर्षं झाली. सेठची नोंद परवाची. मी ती गोधडी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेली. नेण्याआधी दोनदा धुतली. दोनदा का धुतली, हे मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं.

वकील हसला. "तुम्ही लोकांनी नवा धर्म घेतलाच आहे. आता निशाणीही नवी घ्या. चार रेघा विणा. भांडता कशाला?"

खिडकीबाहेर बघणाराही हसला. माझे कान तापले. छप्पन सालच्या दीक्षेच्या दिवशी मी आईच्या कडेवर होते. ती गर्दी मला आठवत नाही, पण आई त्या दिवसानंतर कुणाच्या पायरीशी ओणवी उभी राहिली नाही, हे मी पाहिलं आहे. मी मात्र राहत होते. शाळेत, दवाखान्यात, इथे. अशा प्रत्येक खोलीतून मी मान खाली घालून निघाले होते. या वेळी पाय हलेनात.

"धर्म तुमचा होता, तो सोडला. रेघा माह्या बापाच्या आहेत. त्या सोडत नाही."

 मग पुढचंही बोलले.

"आणि मले तुम्ही म्हणा."

त्याने फाइल माझ्याकडे सरकवली. "दुसरा वकील बघ."

घरी आले तर बाप मागावर. पदर विणून झाला होता. कोपरा कोरा.

"काहून बाबा?"

"राहू दे वं. कचेऱ्या आपल्यासाठी नसतात. तीन रेघा गेल्या तं का लुगडं आखूड होते?"

मला त्याचा राग आला. मग कीव आली, आणि कीव आल्याचाही राग आला. उसव म्हटलं, तर तो नुसता बसून राहिला. शेवटी मीच एकेक धागा ओढून तो कोपरा उसवला. मग त्याने पिवळं सूत हातात घेतलं.

आता कचेरीला उत्तर मी स्वतः लिहिते आहे. झोप लागत नाही, एका जागी बसवत नाही. हुडकेश्वरपासून भिवापूरपर्यंत, जिथे जिथे ती लुगडी गेली तिथे जाते, बायांचे जबाब घेते, अंगठे घेते. एक म्हातारी म्हणाली, "लिही वं, ह्याच रेघा नेसून मी लेकीचं लगन केलं. बोलाव त्या सेठले माह्यासमोर."

मुंबईहून कदाचित नकार येईल. आला तर पुन्हा लिहीन. पण आमच्या मागावर कोरा पदर निघणार नाही. बाप थकला की धोटा मी चालवीन. ज्याला थांबवायचं असेल त्याने आमच्या वस्तीत यावं, घरात शिरावं आणि माझा हात धरून दाखवावा.