पत्र्यावर तापलेल्या बाटल्या

बाटल्यांचं ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं भणभणतं. नोकरीत चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले; पण साध्या पाण्याने मला जेवढं चक्रावलं, तेवढं कुणी नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एप्रिल महिना होता. शिरूर कासारच्या रस्त्यावरचा एक परमिट रूमवाला व्हिस्कीत पाणी घालून विकतो, अशी खबर आली. खबरी स्वतः पक्का पिणारा, म्हणून त्याच्या जिभेवर माझा भरवसा होता. दारू कंपनीने दर्जा तपासणारा आपला माणूस आमच्याबरोबर दिला. त्याने फोडलेल्या बाटलीतली व्हिस्की काचेच्या नळीत ओतून अल्कोहोलचं प्रमाण दाखवणारा तरंगता मापक सोडला. आकडा लेबलवर छापलाय तेवढाच! तरी नियमाप्रमाणे आम्ही त्याच बाटलीचा नमुना घेतला, पंचांसमोर लाखेचं सील केलं आणि हवालदाराबरोबर प्रयोगशाळेत पाठवला.

अहवाल आला: सील शाबूत, पण अल्कोहोल बरंच कमी.

आता आली का पंचाईत! दुकानात चोख आणि प्रयोगशाळेत पाणचट. मधे माणूस एकच, माझा हवालदार. लाख आणि शिक्का त्याच्याच ताब्यात. वाटेत घोट मारून पाणी भरलं असणार, अशी ठाण्यात कुजबुज सुरू झाली. वरिष्ठांनी खातेनिहाय चौकशी लावली.

हवालदार बौद्ध, पंचशील मनापासून पाळणारा. दारूच्या दुकानात तो चहासुद्धा घेत नसे. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, नोकरी गेली तर मजुरी करीन. पर विहारात कसल्या तोंडानं बसू? लोकं म्हणत्यात, शील मोडलं."

मला वाईट वाटलं. मापक खरा, अहवाल खरा, हवालदारही खरा. मग खोटं कोण?

कंपनीच्या त्याच माणसाला घेऊन भर दुपारी पुन्हा छापा घातला. आमचा खबरी होता तसा मालकाचाही असणार, कारण तो हसतमुखाने तयारच होता. मापकाचा आकडा याही वेळी लेबलएवढाच भरला. मी ती मोजलेली बाटली उचलली तर हाताला चटका बसला. एप्रिलमध्ये सगळंच तापलेलं असतं. पण गिऱ्हाईक बर्फ मागत असताना बाटली एवढी गरम? पन्नाशीच्या वेटरला बाजूला घेतलं. दरडावायचीही गरज पडली नाही.

"तपासणी हाय असं कळलं की मालक बाटल्या पत्र्यावर ठिवायला लावत्यात. कावून, ते मला म्हाईत न्हाई."

ठाण्यात मालकाने आधी एका पुढाऱ्याचं नाव फेकलं. वेटरचा जबाब वाचून दाखवताच ढेपाळला.

"पाणी घालतो, साहेब. हिवाळ्यात लई येळा सापडलो, उन्हाळ्यात कधीच न्हाई. म्हणून तापवतो. असं कावून होतंय, मला बी समजत न्हाई."

घ्या! चोरालाच चोरी कळेना.

आम्ही ती बाटली गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली आणि पुन्हा मोजली. आकडा घसरला. कंपनीच्या माणसाचा चेहरा पडला. त्याचा थर्मामीटर दोन्ही वेळा पिशवीतच राहिला होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर उलगडा केला. दारू तापली की हलकी होते, मापक जास्त बुडतो आणि पाणी घातलेली दारूही कडक भासते. म्हणून आधी तापमान पाहायचं, मग तक्त्यावरून आकडा दुरुस्त करायचा.

हवालदारावरची चौकशी मागे घेतली गेली. दोन गोष्टी जुळत नसल्या की आपण लगेच खोटारडा शोधायला निघतो, आणि जवळचा गरीब माणूस सापडतो. पुढच्या प्रत्येक तपासात हे मी स्वतःला बजावत आलो.

नवा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा होता. हवालदाराला पुन्हा त्रास नको म्हणून मी दुसऱ्याचं नाव काढलं. तो पुढे झाला.

"न्हाई साहेब, मीच नेणार. दुसऱ्याला धाडलं तर लोकं म्हणतील, सुटला, पर साहेबाचा भरवसा गेला."

मी उठून सील केलेली बाटली सगळ्या ठाण्यासमोर त्याच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि तो रडू लागला.