बारावी कुंडी

घरातली एखादी कुंडी नुसत्या मातीने भरलेली दिसली, तर तुमचा पहिला संशय कोणावर जातो? माळ्यावरच ना?

पार्बताबाई अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला राहते. नवरा गेल्यापासून सावलीतली फुलझाडं कुंडीत वाढवून बंगल्यांना देते. तिचा हात बसलेला तो भुईचाफ्यावर. पावसाळ्यात पानं येतात, पौषात सारं वाळतं, कंद मातीत झोपतो आणि चैत्रात उघड्या मातीतून फूल वर येतं. झोपलेल्या कंदाला ना पाणी, ना हात.

यंदा चैत्रात डेपुटी कमिशनरसाहेब उत्तमराव वकिलांकडे चहाला येणार होते. माघात त्यांच्या व्हरांड्यातल्या, तिने दिलेल्या बारा कुंड्या ओसाड पाहून त्यांचा कारभारी शेषराव म्हणाला, "बाईनं कंद काढून दुसरीकडे विकले." वकिलांनी फर्मावलं, बाराही फुलल्या पाहिजेत, नाहीतर बाईला एकाही बंगल्यात पाऊल ठेवू देणार नाही.

मी तिचा शेजारी; तिची बाजू घेऊन त्याच संध्याकाळी वकिलांना भर चौकात भामटा म्हटलं. मग तिच्या घरी गेलो, तर खाटेखाली वाळूत कंद.

"मावशी, हे कोनाचे?"

"माह्ये. बियाण्याचे. काहून? तू बी शेषरावाचाच भाऊ निंगाला का?"

"मंग वकिलाची एक कुंडी उकरून दाखव ना."

"लेकरू हाय का नाई, हे पाह्याले पोटुशीचं पोट फाडतं का रे, देवीदास?"

मी कोणाच्या शब्दावर चालणारा नाही. दुसऱ्या दुपारी बंगला झोपला असताना कुंपण ओलांडलं आणि कोपऱ्यातली कुंडी बोटांनी उकरली. कंद होता. त्याचा कोंब माझ्या नखाखाली मोडला. माती सारखी केली, निघून आलो. कोणाला काही बोललो नाही.

चैत्रात अकरा कुंड्या फुलल्या. बारावी शेषरावाने पालथी केली. काळा, कुजका गोळा निघाला. "सडका माल खपवते," म्हणत त्याने तो फाटकाबाहेर फेकला. तेव्हापासून तिला सगळे बंगले बंद.

तो गोळा तिने उचलून आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हे नखाचं काम हाय," म्हणाली आणि माझ्या बोटांकडे पाहत राहिली.

मी कबूल केलं.

"मले सांगून काय फायदा? तिकडं सांग."

तीनदा गेलो. भामटा म्हणणाऱ्याला फाटक कोण उघडणार? तुम्ही त्या बंगल्यात जात-येत असाल, तर वकीलसाहेबांना एवढं सांगा: बारावी कुंडी देवीदासने उकरली. बाईचा कंद चांगला होता.