ती फाईल वाचायची नसते

हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही, आणि गेल्या महिन्यापर्यंत बोललोही नव्हतो. बायकोला नाही, मालकांना नाही, बसलो असताना मित्रांनासुद्धा नाही — आणि बसल्यावर मी काय काय बरळतो ते त्यांनाच विचारा. तसा मी तोंडाचा फटकळ. घरी आम्ही कन्नड बोलतो, पण राग आला की तो मराठीतच येतो, आणि तो लगेच येतो. असला माणूस एखादी गोष्ट वर्षानुवर्षं पोटात कशी ठेवतो? ठेवतो हो. स्वतःच्या अब्रूवर आलं की माझ्यासारख्याचंही तोंड शिवलं जातं.

सुरुवात कुठून करू? कामापासून करतो. ते सोपं जाईल.

सोलापुरात होटगी रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची छोटी कंपनी आहे. शेतातल्या मोटारींना लावायच्या पेट्या आम्ही बनवतो. माणूस घरी बसून मोबाईलवरनं मोटार चालू-बंद करतो, आणि पाणी संपलं तर पेटी आपण होऊन मोटार बंद करते. हे दुसरं काम खरं महत्त्वाचं, कारण मोटार कोरडी फिरत राहिली की जळते. पेटीच्या आतला प्रोग्रॅम माझ्याकडं.

तो कुठल्या भाषेत लिहायचा हे मीच ठरवलं होतं. भाषा फारशी कुणाला ठाऊक नसलेली. तिची गंमत अशी, की आपण तिच्यात लिहायचं, ती आपलं लिखाण आपोआप सी भाषेत उतरवते, आणि त्या सीवरनं पुढं चिपला कळेल असं रूप तयार होतं. म्हणजे मधे एक सीची फाईल जन्माला येते. ती कुणी माणूस लिहीत नाही. दर वेळी जुनी पुसली जाते, नवी तयार होते. मालक म्हणत होते, सरळ सीमध्येच लिहा की, चार लोकांना येते. मी कसला ऐकतोय! या भाषेत चुका होतच नाहीत, असं त्यांना सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं. होतच नाहीत म्हणे — काय तो तोरा.

आणि झाली की. पाणी संपलं असं पेटीला वाटलं की तिनं थोडा वेळ मोजायचा, उगाच घाई करायची नाही, आणि मग मोटार बंद करायची. आम्ही लिहिलेली ओळ बरोबर होती. पण सीमध्ये उतरताना तो मोजायचा आकडा लहान भांड्यात पडला, म्हणजे मोठी संख्या मावेल एवढी जागाच त्याला मिळाली नाही. भांडं भरायचं, सांडायचं, मोजणी पुन्हा खालनं सुरू. ठरलेल्या वेळेपर्यंत ती कधी पोचायचीच नाही, आणि मोटार फिरतच राहायची. मूळ लिखाणात त्या आकड्याचा आकार स्पष्ट सांगितला असता तर प्रश्न मिटला असता. पण मला हे कळलं तेव्हा दुसऱ्या दिवशी पेट्या बाहेर पडायच्या होत्या. मी काय केलं? ती मधली सीची फाईल उघडली, तिच्यात हातानं एक शब्द बदलला, आणि पेट्या दिल्या पाठवून. चालल्या. छान चालल्या.

नंतर मुळात दुरुस्त करू म्हटलं. केलं नाही. मुळात दुरुस्त केलं असतं तर ते सगळ्यांना दिसलं असतं, मालकांनी विचारलं असतं — चुका होतच नव्हत्या ना हो तुमच्या भाषेत? म्हणून मग दर वेळी नवी फाईल झाली की मी गुपचूप तो शब्द बदलायचो. शेडमध्ये प्रथाच पडून गेली — सरांचा हात फिरल्याशिवाय पेटी बाहेर जायची नाही. लोकांना वाटायचं, माणूस किती काळजीचा! आणि मला ते आवडायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू?

पण थांबा, एवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं. असली लपवाछपवी आमच्या धंद्यात पुष्कळजण करतात.

पुष्पा. तिच्याबद्दल बोलायचं आहे. उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातली मुलगी, सोलापुरातच इंजिनिअर झाली आणि आमच्याकडं लागली. घरी ऊस, केळी, आणि पाण्यावर वडिलांची मोटार. डब्यात शेंगाचटणी भरपूर आणायची आणि आधी सगळ्यांना वाढायची. बोलणं थेट गावचं — कॉलेजात हसायचे म्हणे, हिनं बदललं नाही. "सर, लई भारी हाय की ही भाषा," असं म्हणून ती माझ्या शेजारी बसली आणि दोन-चार महिन्यांत ती भाषा माझ्यापेक्षा बरी लिहायला लागली. मला तिचं कौतुक होतं का? होतं. थोडं जळायचो का? तेही होतंच.

पहिल्यांदा तिच्या गावात पेट्या लावायच्या ठरल्या तेव्हा तिचा आनंद शेडमध्ये मावत नव्हता. वडिलांना ती तात्या म्हणते. त्या तात्यांनी गावात चार घरी जाऊन सांगितलं होतं, माझ्या पुष्पीनं केलेली पेटी हाय. त्याच आठवड्यात माझ्या मेव्हणीचं लग्न निघालं अक्कलकोटला. जाताना मी काहीच बोललो नाही — माझ्यासाठी थांब म्हणालो नाही, तो शब्द बदल म्हणालो नाही. इतका सरावलो होतो की मला भीतीही वाटली नाही. माल पोचवायची घाई होती, मालकांनी पुष्पाला सांगितलं, तू कर. तिनं सगळं नियमाप्रमाणं केलं. एक पायरी चुकवली नाही. टेबलावर तपासलंसुद्धा, पण टेबलावर आम्ही वेळ वाचवायला ती मोजणी अगदी थोडी ठेवायचो, त्यामुळं भांडं सांडायची वेळच यायची नाही.

उन्हाळा होता. धरणाचं पाणी मागं सरकत होतं. पाईपाचं तोंड उघडं पडलं आणि मोटारी कोरड्या फिरल्या. पेट्यांनी त्या बंद केल्या नाहीत. पहिली जळाली ती तात्यांची, मग त्या चार घरांतल्या.

लग्नाहून आलो तर शेडमध्ये सुतकी चेहरे. काय झालंय ते मला चपला काढायच्या आत कळलं. मालकांनी विचारलं, हे कसं झालं? — आणि मी म्हणालो, "यावेळचं काम पुष्पानं केलं होतं."

बघा, वाक्यात खोटं काही नाही. म्हणूनच तर मी ते निवडलं. ती तिथंच उभी होती. मान खाली घालून म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं असंल सर, शोधते मी."

तुम्हाला वाटेल हाच माझा गुन्हा. मीही बरीच वर्षं स्वतःला हाच सांगत आलो, कारण हा त्यातल्या त्यात बरा. घाबरलो, दुसऱ्यावर ढकललं — असं कुणाकडनंही होऊ शकतं. पण त्याच्या पुढचं आहे. सांगतो. जरा जड जातंय.

ती शोधायला लागली. आमचं मूळ लिखाण तिनं ओळ न् ओळ वाचलं, पुन्हा वाचलं, छापून घेऊन वाचलं. त्यात काही सापडणार नव्हतं, कारण त्यात काही नव्हतंच. मी शेजारी बसून ते पाहत होतो. मधे मधे चहासुद्धा मागवत होतो तिच्यासाठी — हलकट माणूस! तिचं जेवण कमी झालं. तात्यांचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायची, आत येताना डोळे लाल असायचे. गावात लोक तिच्या आईला विचारत होते म्हणे, पोरीला शिकवून हेच केलंत व्हय?

आणि एके दुपारी ती माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, ती मधली सीची फाईल एकदा उघडून बघू का?"

एकटीच्या हिमतीवर ती बरोबर दारापर्यंत पोचली होती. मी फक्त गप्प राहायचं होतं. एवढंसुद्धा पुरलं असतं हो! ती आत गेली असती, तिला सापडलं असतं, माझी अब्रू गेली असती आणि तिची राहिली असती.

मी हसलो. मोठ्या माणसासारखा हसलो, आणि म्हणालो, "ती फाईल वाचायची नसते, पुष्पा. ती यंत्रानं यंत्रासाठी लिहिलेली असते. चूक नेहमी आपल्या लिखाणात असते — आपल्यात शोधायची."

हे. हे मी केलं. तिनं मान हलवली, कारण सांगणारा मी होतो. आणि ती पुन्हा स्वतःमध्ये चूक शोधायला लागली. तीही सापडणार नव्हती, पण स्वतःमध्ये शोधणाऱ्याला काही ना काही सापडतंच ना? तिला असं सापडलं, की आपल्याला हे काम जमत नाही. पावसाळ्याच्या आधी तिनं नोकरी सोडली. निघताना माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

ती गेल्यावर मी मुळात दुरुस्ती केली, एका ओळीची. मालक म्हणाले, शेवटी तुम्हीच सोडवलंत. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

मग वर्षं गेली. ती गावाजवळ केळीच्या पॅकिंगवर देखरेखीला लागली असं कानावर आलं. दिवाळीला तिचा मेसेज यायचा, मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचो. असंच चाललं असतं. मी असंच चालू दिलं असतं, हे लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. धाकटी बहीण कोमल बारावी झाली, कॉम्प्युटरला जायचं म्हणून हटून बसली आहे. "मी नको म्हणते तिला. आपल्या घरातल्यांचं डोकं न्हाय चालत त्यात, मी बघितलंय की करून. तुमी तिला एकदा समजावा सर. तुमचं ऐकंल ती."

मी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवला. म्हणजे मी बोललेलं ते वाक्य अजून चालूच होतं? एकीला कामातनं उठवून आता ते तिच्या धाकट्या बहिणीकडं निघालं होतं, आणि पोचवायला पुन्हा मलाच बोलावत होतं.

रविवारी मोटारसायकल काढली आणि गेलो. वाटेत भिगवणच्या अलीकडं दोनदा थांबलो, दोनदा परत फिरावंसं वाटलं. पॅकिंगच्या शेडमागं ती एकटी भेटली, आणि मी सगळं सांगितलं. शब्द बदलायचो ते, लग्नाला गेलो ते, आणि ते वाक्य. मला वाटलं रडेल, शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तिनं एवढंच विचारलं,

"कुठली ओळ?"

मी रिकाम्या खोक्यावर मार्करनं सीमधली ती ओळ लिहून दाखवली. तिनं खोकं हातात घेतलं, बोट ठेवून वाचलं, ओठांतल्या ओठांत मोजलं. आणि तिचा चेहरा — मला तो नीट सांगता येत नाही. रागही होता, पण रागाच्या आधी दुसरं काहीतरी येऊन गेलं.

"म्हंजी माझं बरोबर हुतं," ती म्हणाली. मला नाही म्हणाली, स्वतःलाच म्हणाली. मग रागानं मला म्हणाली, "चला. हे तात्यांसमोर बोला. कोमलसमोर बी."

बोललो. अंगणात उभा राहून, शेजारपाजारचे जमले होते त्यांच्यासमोर बोललो. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही, पाणी कुणी दिलं नाही, ते योग्यच झालं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते पोरीकडं बघत राहिले, आणि मग वाकून तिच्या पायाकडं हात न्यायला लागले तेव्हा ती ओरडली — "ओ तात्या, काय करताय!" — आणि बापलेक दोघंही रडले. सोमवारी मालकांना सांगितलं. त्यांचं बोलणं इथं लिहिण्यासारखं नाही. पेट्यांवरचा माझा अधिकार गेला आहे, नोकरीचं अजून ठरलेलं नाही.

तिला परत या म्हणून मालकांनी निरोप धाडला. तिनं कळवलं, तुमच्याकडं न्हाय येणार. कोमलनं कॉम्प्युटरचाच फॉर्म भरला, हे मला तिसऱ्याकडनं कळलं.

काल संध्याकाळी फोन वाजला. पुष्पाचा. हॅलो म्हटलं तर पलीकडं कुणी बोलेना. नुसती घरघर, मोटार चालू असल्याची. मागं तात्यांचा आवाज — "उचल, उचल गं, पाईप पाण्याच्या बाहेर काढ!" मग कोमलचं हसणं. घरघर वेगळी झाली, पाण्याशिवाय फिरणारी, ती मला डोळे मिटूनही ओळखता येते. मी फोन कानाला दाबून धरला. मोटार फिरत होती, फिरत होती — आणि आपण होऊन बंद पडली. तात्यांनी आरोळी ठोकली.

"मी केली ही पेटी," पुष्पा म्हणाली. "पयल्यापास्नं. एकटीनं. सीची फाईल बी वाचली सगळी."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला.