नळ्या उतरवताना

लेकीकडे जर्मनीत होते तेव्हाची गोष्ट. माणसं येईनाशी झाली म्हणून तिच्या गावातलं चर्च बंद होणार होतं, आणि आतला शेकडो नळ्यांचा, भात्याच्या हवेवर वाजणारा भिंतभर ऑर्गन उतरवून दूर कुठेतरी पाठवणार होते. आम्ही सहज डोकावलो. एक म्हातारा कारागीर एकेक नळी खाली काढत होता. जुन्या चादरीत गुंडाळण्याआधी तो प्रत्येक नळी ओठांना लावून हलकेच फुंकायचा. ती एक सूर देऊन गप्प व्हायची.

"वाजतेय का ते बघताहेत का गं?" मी विचारलं.

लेकीने त्याला विचारून सांगितलं, "नाही आई. हा ऑर्गन त्यांनीच बांधलाय, तरुणपणी. तेव्हाही प्रत्येक नळीत पहिली फुंकर त्यांचीच होती म्हणे."

मी बाकावर टेकलेच. आपण केलेलं आपल्यामागे राहावं, एवढीच तर हाताने काही घडवणाऱ्याची अपेक्षा असते. पेटी बनवणारा असो की पोरं वाढवणारी बाई, क्रम तोच. या माणसाच्या वाट्याला तो उलटा आला होता, आणि तरी कुठे आदळआपट नव्हती. निदान त्याने चिडायला तरी हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

शेवटी सगळ्यात मोठी नळी जमिनीवर आडवी झाली, त्याच्याहूनही लांब. त्याने गुडघे टेकून, छाती भरून फुंकलं. आतून नुसती हवा गेली.

"हिला माणसाचा श्वास पुरत नाही, भाता लागतो, म्हणताहेत," लेक हळूच म्हणाली.

तोवर तो छाती भरून पुन्हा नळीच्या तोंडाशी वाकला होता.