मुलीचे मामा

दोन दिवस शमाल वारा घोंघावत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे तो पडला, तेव्हा कतारमधल्या अल खोरच्या कंपनी वसाहतीवर कुणी मैदा चाळून ठेवावा तशी धूळ बसली होती. गाड्यांवर, खजुरीच्या झावळ्यांवर, दोरीवर विसरलेल्या बनियनवर. आता घराघरातले एसी धापा टाकणार. सहालाच गुरुप्रसाद आणि नसरुद्दीन वर्कशॉपमागं फिल्टर धुवायला बसले. एकानं जाळी उभी धरायची, दुसऱ्यानं पाइपनं उलट्या अंगानं पाणी मारायचं. सुलट मारलं की धूळ आत रुतते, हे दोघांना नऊ वर्षांत पाठ झालेलं.

गुरुप्रसाद निफाडकडचा, नसरुद्दीन रत्नागिरीचा. दोघे एसी मेकॅनिक, एकाच खोलीत राहणारे. ही २००३ च्या जूनमधली सकाळ.

स्टोअरमधला मुतिसो एक कार्ड घेऊन आला. तो केनियाचा, मचाकोसकडच्या एका गावचा. ऑगस्टात त्याच्या बहिणीचं, म्वेंदेचं, लग्न होतं. चर्चमध्ये.

"दोनों आना. खलास," त्यानं इथंच शिकलेल्या हिंदीत फर्मावलं आणि गेला.

"मी नाय येत," गुरुप्रसाद पाइप न हलवता म्हणाला. "मी लग्नाला जात नाय."

नसरुद्दीनला कारण ठाऊक होतं. अठ्ठ्याण्णव साली अक्काच्या यमूचं लग्न निघालं. गुरुप्रसाद अक्काचा एकुलता भाऊ, म्हणजे यमूचा एकुलता मामा. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामानं. आणि नेमकं त्याच महिन्यात प्लांटचं शटडाऊन लागलं. साहेबानं खुरूजवर सही केली नाही, आणि त्या कागदाशिवाय देशाबाहेर पाऊल पडत नाही. दोन महिन्यांनी अक्कानं पत्र नाही, फोन नाही, फक्त लग्नाची व्हिडिओ कॅसेट धाडली. तिच्यात भटजी माइकवरून पुकारतात, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" एकदा, दोनदा, तीनदा. मग कुणीतरी चुलतमामा पुढं ढकलला जातो. गुरुप्रसादनं कॅसेट तिथंच बंद केली. पुढचं लग्न त्यानं कधी बघितलंच नाही. निफाडला फोन लावला की दाजी उचलायचे. "ती आंघोळीला गेली हाय." पाच वर्षं अक्का आंघोळच करत होती.

"तुना तिथं कोन वळखतो?" नसरुद्दीननं जाळी झटकली. "कोन इचारनार हाय, मामा खंय व्हता म्हनून? पुलाव खायाचा न् परत यायाचा."

म्हणून तो गेला. या खेपेला खुरूजवर सही झाली.

मचाकोसला थंडी होती. ऑगस्टात स्वेटर घालावा लागतो हे दोघांना माहीत नव्हतं. नसरुद्दीननं मुतिसोच्या बापाचा जुना कोट चढवला. बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता. चर्च म्हणजे विटांची लांबट खोली, वर पत्रा, आत माणूसच माणूस. दारात दोघांनी सवयीनं बूट काढले. एकाला देवळाची सवय, एकाला मशिदीची. वळून बघितलं तर दारात दोनच जोड, त्यांचेच.

आता परत घालायचे तर लोक बघणार. तसेच मोज्यांवर शिरले. गुरुप्रसादच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. "पाय बाकाखाली घाल," नसरुद्दीन कुजबुजला.

बायका एकदम जिभा फिरवून आरोळ्या द्यायला लागल्या. नवरी आली. तिच्यापुढं आख्खं चर्च नाचत होतं, म्हाताऱ्यासुद्धा. गुरुप्रसाद बघत राहिला. यमूपण अशीच आली असेल, झग्याऐवजी हिरवी साडी नेसून... त्यानं मान खाली घातली.

पाद्रीबाबांनी माइक हातात घेतला. "मामा वा बिबी हारुसी!"

गुरुप्रसादची मान वर आली. मामा. बिबी. हारुसी म्हणजे अरबीतलं अरूसच की. अरूस म्हणजे नवरी.

"मामा वा बिबी हारुसी!" दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा पुकारायच्या आत तो उठला होता.

"अरे बस! तुना नाय बोलावला!" नसरुद्दीननं त्याचा सदरा ओढला. पण तो बाकांमधून वाट काढत पार पुढं जाऊन पोचला, फाटक्या मोज्यासकट. दुसऱ्या बाजूनं निळ्या झग्यातली एक आडव्या हाडाची बाई येत होती. नवरीची आई. त्या दोघांची गाठ बरोबर नवरीपुढं पडली.

 मग मागून एक हसू फुटलं, न् सगळा पत्रा हादरला.

मुतिसो धावत आला. "मामा मतलब माँ! माँ को बुलाया!"

गुरुप्रसादच्या कानशिलांत आग. "आमच्यात मामा म्हंजे आईचा भाऊ," तो पुटपुटला. "नवरीला तोच आणतो." ते त्यानं हिंदीत सांगितलं, मुतिसोनं आईला तिच्या भाषेत.

ती बाई त्याच्या अंगठ्याकडं बघत होती. मग तिनं त्याच्या कोपरात आपला हात अडकवला आणि म्हणाली, "करिबू, काका."

"काका मतलब भाई," मुतिसो म्हणाला. "आ जा बोलती है."

म्वेंदेला पाद्रीबाबांपुढं नेलं ते तिच्या आईनं आणि निफाडच्या गुरुप्रसादनं.

पुलाव खाताना नसरुद्दीननं एवढंच म्हटलं, "मामा म्हनून उठलास, काका होवन बसलास." गावातल्या हसन नावाच्या माणसाकडून खास त्याच्यासाठी हलाल बकरा कापून घेतला होता, म्हणून तो जास्त बोलला नाही.

कतारला परतल्यावर शुक्रवारी गुरुप्रसादनं फोन लावला. दाजींनी उचलला.

"आंघोळीला..."

"असू द्या. तुम्हीच ऐका, दाजी." आणि त्यानं बुटांपासून सगळं सांगितलं. दाजी आधी हुं हुं करत होते, मग खोकल्यासारखं हसायला लागले आणि ऐकलेलं शेजारी कुणाला तरी सांगू लागले. फोन हिसकावल्याचा खडखडाट झाला.

"मोजे फाटके घालून गेला व्हता का रे तिथं?" पाच वर्षांनी अक्काचा आवाज.

"अंगठाच बाहेर व्हता," गुरुप्रसाद म्हणाला.

"आन् ती बाई तुला काका म्हन्ली?" अक्का हसत होती, पण मधेच तिचा आवाज ओला झाला. "तीनदा पुकारलं व्हतं रे यमूच्या टायमाला. मी दाराकडंच बघू राह्यले व्हते."

"ऐकलंय अक्का मी. कॅसेटीत."

अक्कानं नाक ओढल्याचा आवाज आला.

"धाकल्या पोरीचं जमू राह्यलंय," ती म्हणाली. "माघात म्हनत्यात पाव्हनं. तारीख अजून धरली नाय. तुझी रजा सांग, मंग भटजीला बोलते."

"येऊ राह्यलो," तो म्हणाला.

रविवारी त्यानं रजेचा अर्ज ऑफिसात दिला. सोबत खुरूजचा कागद, महिन्यापुढं मोठ्या अक्षरात फेब्रुवारी. क्लार्क म्हणाला, एवढ्या आधी कोण देतं? गुरुप्रसाद म्हणाला, मामा देतो.

सोमवारी पुन्हा वारा सुटला. मंगळवारी सहाला दोघे वर्कशॉपमागं बसले. नसरुद्दीननं पहिली जाळी उभी धरली. "काका, मार पानी," तो म्हणाला.

गुरुप्रसादनं पाइप उलट्या अंगानं लावला आणि नळ सोडला.