आत्याच्या बोटाची खूण

महिना होत आला. कुसुमआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा इंदापूरच्या घरात मी मनीप्लँटला पाणी घालत होतो. फोन ठेवला आणि तांब्या रिकामा होईपर्यंत ओततच राहिलो. मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. आत्या यालाच माझा रोग म्हणायची.

तिचं आयुष्य कळस गावी उसाच्या रानात गेलं. थकल्यावर ती मुलीकडे, सुनीताकडे, बारामतीच्या फ्लॅटमध्ये आली आणि गॅलरीत मनीप्लँटचे वेल सोडले. एकदा माझा वेल मलूल झाला. मी पाणी वाढवलं, तो आणखी पिवळा पडला, तेव्हा कुंडी तिच्याकडे नेली. तिनं ती उपडी करून मुळांचा वास घेतला. "तहानेनं मेलेली झाडं मी लई कमी बघितली रं. बुडून मेलेलीच जास्त." मी काही बोलणार तोच म्हणाली, "पाटाला पाणी आलं की रान भिजवून घ्यायचं, ही आपली खोड हाय. कुंडीला पाण्याची पाळी नसती. आधी बोट घाल." ती स्वतः रोज कुंडीच्या कडेला, एकाच जागी, दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालायची. कोरडं निघालं तरच पाणी.

दहाव्याला गेलो तर तिचा वेल पिवळा, माती चिकट. कडेचं बोटाचं भोक तेवढं शाबूत होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण दोन घोट पिऊन उरलेलं पाणी त्याच कुंडीत ओतत होता. पाणी मोरीत टाकायला आपला हात धजत नाही. तिसऱ्याला मीही ओतलं होतं.

"दादा, आईचं एवढंच ऱ्हायलंय," सुनीता म्हणाली. "जगव."

कुंडी घरी आणली. काळी, लिबलिबीत मुळं कात्रीनं कापली, पांढरी ठेवली. नव्या मातीत वाळू मिसळली, वेलाचे दोन तुकडे पाण्याच्या बाटलीत खोचले. सगळं तिनं दाखवलं होतं तसंच. फक्त कुंडी उपडी करताना ते बोटाचं भोक माझ्याच हातानं ढासळलं... स्मशानात न आलेलं रडू तेव्हा आलं.

सुनीता रोज फोन करते.

"पाणी घातलंस का?"

"न्हाय."

"मग करतोयस काय?"

काय सांगू? काही न करणं हेच औषध, आणि तेच मला जमत नाही. दिवसातून चारदा तांब्या भरतो, बोट घालतो, ओलं निघतं, पाणी परत बादलीत ओततो. वेल जगेल की नाही, अजून कळत नाही. पण काल तांब्या खाली ठेवताना लक्ष गेलं... नव्या मातीत, कुंडीच्या कडेला, एकाच जागी, दुसऱ्या पेराएवढं भोक पडलंय.